मशीन दुरुस्तीला गेलं, तेवढ्या रात्री श्वासाचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आरोग्य विमा पॉलिसीत सीपॅप मशीनसाठी, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजारावर रात्री लावायच्या यंत्रासाठी, जवळपास दीड पान मजकूर आहे. मशीन कोणाला मंजूर होईल, आधी कोणत्या तपासण्या लागतील, मास्क आणि फिल्टर किती महिन्यांनी बदलून मिळतील, सगळं सविस्तर लिहिलंय. मशीन बिघडलं तर काय, याला मात्र एकच वाक्य: ‘शक्य असल्यास दुरुस्ती, अन्यथा बदली.’ दुरुस्ती होईपर्यंत रुग्णाने रात्री काय करायचं हे त्या वाक्यात नाही. विचारल्यावर कंपनीतल्या कोणालाही ते सांगता आलं नाही. हे पत्र त्या मधल्या रात्रींबद्दल आहे.

ज्यांचा या आजाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियात झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातलं काही आठवत नाही, फक्त डोकं जड असतं. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त अडला की एक घटना मोजतात. तासाला अशा ३० किंवा त्याहून जास्त घटना झाल्या तर आजार तीव्र समजतात. माझ्या स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीत, ३८ होत्या. सीपॅप मशीन यावर औषध देत नाही. मास्कमधून ठरावीक दाबाची हवा सोडून ते घशाची वाट उघडी ठेवतं, बस. मशीन चालू आहे तोवर आराम. बंद केलं की घसा पूर्वीसारखा, काहींचा त्याच रात्री. चार वर्षं नेमाने मशीन लावलं म्हणून पुढचे चार आठवडे त्या पुण्याईवर काढता येत नाहीत.

सिडनीत डॉ. कॉलिन सुलिवन यांनी ५ रुग्णांवर केलेल्या या उपचाराचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हाचं यंत्र व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालत होतं. आजची मशीन उशाशी ठेवली तरी आवाज जेमतेम येतो, पण आत शेवटी फिरणारी मोटरच आहे आणि मोटर झिजते. रात्रीचे ७ तास धरले तर ५ वर्षांत १२,७७५ तास होतात. फ्रिज-पंखा सोडले तर घरातलं दुसरं कुठलं उपकरण इतका वेळ चालतं, ते मला तरी आठवत नाही.

माझ्या मशीनची आधी शिट्टी वाजू लागली. मग पडद्यावर ‘मोटर लाइफ एक्सीडेड’, म्हणजे मोटरचं आयुष्य संपलं, असा संदेश आला. तो संदेश घेऊनही ते काही दिवस चाललं आणि एका मध्यरात्री थांबलं. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला अशा वेळेसाठी एक झडप असते, हवा थांबली की ती उघडते, त्यामुळे जीव घुसमटला नाही. जाग मात्र आली, आणि तेव्हापासून शांत झोप गेली ती गेलीच.

विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर पहिला प्रश्न आला, “मॅडम, पेशंटला फोन देता का?” मीच पेशंट आहे म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता. मशीन घ्यायला गेले होते तेव्हाही विक्रेत्याने “साहेबांचं वजन किती?” असं विचारलं होतं. घोरणं हा पुरुषांचा प्रांत, असं या व्यवसायातल्या लोकांनीही धरून ठेवलेलं दिसतं. बायकांना हा आजार होतो, पाळी गेल्यावर तर त्याचं प्रमाण वाढतं, आणि जोराच्या घोरण्याऐवजी थकवा, निद्रानाश, सकाळची डोकेदुखी अशा तक्रारी पुढे आल्याने तो उशिरा सापडतो. असो, विषय तो नाही.

विषय हा की हेल्पलाइनने सांगितलं, आधी सर्व्हिस सेंटरचा तपासणी अहवाल आणा. सर्व्हिस सेंटर म्हणालं, वॉरंटी संपलीय, विमा कंपनीची लेखी मंजुरी असल्याशिवाय मशीन उघडणार नाही. मंजुरी मागितली तर कंपनी म्हणते, अहवाल नसताना मंजुरी कशी देणार? पुरवठादार म्हणाला, “आम्ही फक्त विकतो, ताई.” मी हिशेबनीस आहे. दोन खात्यांनी एकमेकांकडे बोट दाखवणं मला नवीन नाही. पण तिथे अडकून पडतो तो कागद. इथे त्या दोघांमध्ये रोज एक रात्र जात होती.

शेवटी तपासणीचे पैसे मीच भरले. काउंटरवरच्या मुलाने मशीन उलटं केलं आणि पाण्याच्या टाकीखालचा पांढरा डाग दाखवला. “पाणी आत गेलेलं दिसतंय. मिसयूजमध्ये धरतील.” आता हवेत ओलावा यावा म्हणून उत्पादकानेच ही टाकी मशीनला जोडून दिलेली. त्यात रोज रात्री पाणी भरा, असं त्यांचंच पुस्तक सांगतं. त्या टाकीखाली डाग पडणं हा गैरवापर कसा? टेक्निशियनने मशीन उघडल्यावर कळलं की मोटरपर्यंत पाण्याचा थेंबही गेलेला नाही, बेअरिंग झिजलंय. तो अहवाल मी हट्टाने सही-शिक्क्यानिशी घेतला. घेतला नसता तर डागावरच क्लेम बुडाला असता.

खरी गंमत त्यापुढे. अहवाल दिल्यावर कंपनीने नवीन स्लीप स्टडी मागितली, म्हणजे आजार अजून आहे याचा पुरावा. हा प्रश्न अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. वजन बरंच उतरलं तर हा आजार कमी होऊ शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टिर्झेपटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियाच्या रुग्णांसाठी मंजूर केलं, तेव्हा आजार बदलू शकतो हे विमा कंपन्यांनाही कळलंय. पण माझं वजन तेच आहे, डॉक्टर तेच आहेत आणि त्यांनी ‘उपचार चालू ठेवणे आवश्यक’ असं लिहून दिलंय. मशीन नवीन मागताना जो पुरावा दिला तोच त्याची मोटर बदलताना पुन्हा कशाला? शिवाय स्लीप स्टडीचा नंबर लागेपर्यंतच्या रात्रीही मशीनशिवायच काढायच्या.

आणि मग वापराची नोंद. सीपॅप मशीन रोज किती तास लावलं, श्वास किती वेळा अडला, मास्कमधून हवा किती गळली, हे सगळं लिहून ठेवतं. काही मशीन ते मोडेममधून परस्पर पाठवतात, काहींत कार्ड असतं. कंपनीने माझी गेल्या ९० दिवसांची नोंद मागितली. कार्ड होतं म्हणून ती निघाली. पण ९० दिवस मोजायचे ते क्लेम तपासायला घेतल्याच्या तारखेपासून मागे, आणि तोवर मशीन बंद पडून बराच काळ लोटला होता. उत्तर आलं, ‘अलीकडच्या काळात वापर अनियमित आढळतो.’ बंद मशीन वापरलं नाही म्हणून मी अनियमित! हे वाक्य लिहिणाऱ्याने वरचा कागद उलटून पाहिला असता, तर त्याखालीच मशीन बंद असल्याचा त्यांच्याच मान्यताप्राप्त सेंटरचा अहवाल होता. मी तारखा लाल शाईने अधोरेखित करून परत पाठवल्या. त्यावर काय झालं ते शेवटी सांगते.

हे सगळीकडे असंच चालतं असं म्हणून गप्प बसणार होते, पण तसं नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या, सरकारी आरोग्य विमा योजनेचे नियम मी वाचले. ती काही उदार योजना नव्हे. मशीन आधी १३ महिने भाड्याने देतात आणि मग ते रुग्णाच्या मालकीचं होतं. सुरुवातीच्या काळात सलग ३० दिवसांत ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर दाखवावा लागतो. मशीनचं आयुष्य ५ वर्षं धरलेलं आहे आणि त्याआधी नुसत्या झिजण्यासाठी बदली मिळत नाही, दुरुस्ती मिळते. पण दोन गोष्टी तिथे स्पष्ट आहेत. ५ वर्षांनंतर नवीन मशीन घेताना डॉक्टरांनी रुग्णाला तपासून ‘वापर चालू आहे आणि फायदा होतोय’ असं नोंदवलं की पुरतं, नवीन स्लीप स्टडी लागत नाही. आणि रुग्णाच्या मालकीचं उपकरण दुरुस्तीला गेलं तर तेवढ्या काळासाठी तात्पुरतं बदली उपकरण देण्याची तरतूद आहे, त्याला बिलात वेगळा कोडसुद्धा आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तर मशीन रुग्णाच्या मालकीचंच नसतं. स्लीप क्लिनिक ते वापरायला देतं, आणि बिघडलं की रुग्ण क्लिनिकलाच कळवतो.

म्हणजे तात्पुरतं मशीन देणं ही काही माझ्या डोक्यातून निघालेली चैन नाही. कंपनीला ते महागही पडू नये. प्रत्येक पुरवठादाराकडे लोकांना वापरून पाहायला दिलेली मशीन असतात. ती स्वच्छ करून, फिल्टर बदलून, रुग्णाचा दाब लावून महिनाभर देता येतात. मास्क आणि नळी रुग्णाची स्वतःचीच असते.

अचानक मशीन गेलं तर काय होतं, याचा मोठा धडा जगाला मिळून गेलाय. जून २०२१ मध्ये फिलिप्सने लक्षावधी सीपॅप आणि बायपॅप मशीन परत बोलावली, कारण आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण आणि रसायनं हवेच्या वाटेत जाण्याचा धोका होता. बदली मशीन मिळायला अनेकांना महिनोन् महिने थांबावं लागलं. वापरायचं तर फोमची भीती, नाही वापरायचं तर आजाराची, या पेचात रुग्ण आणि डॉक्टर दोघेही सापडले. तो प्रसंग उत्पादनातल्या दोषाचा होता, माझा साध्या झिजण्याचा. अंथरुणावर पडलेल्या माणसाला मात्र दोन्हींत फरक जाणवत नाही.

मशीनशिवायच्या काळात माझा रक्तदाब पुन्हा चढला. ताळेबंदातली एक रक्कम तीन वेळा बेरीज करूनही जुळेना, ती दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने एका नजरेत शोधून दिली. गाडी चालवणं मी स्वतःहून थांबवलं. अनेक देशांत या आजारामुळे दिवसा पेंग येणाऱ्या चालकाने उपचार घेतल्याशिवाय गाडी चालवू नये असा नियम आहे, आणि तो का आहे हे मला एका सिग्नलला उभी असताना कळलं होतं. डॉक्टरांनी कुशीवर झोपायला, डोक्याकडची बाजू उंच ठेवायला आणि झोपेच्या गोळ्यांना अजिबात हात न लावायला सांगितलं. त्याने थोडं भागलं. तीव्र आजारात थोडंच भागतं.

माझ्यासारख्या वाचकांना चार-पाच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मशीन चांगलं चालू आहे तेव्हाच त्याच्या सेटिंगच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. माझ्या मशीनचा हवेचा दाब ११ आहे हे पाठ होतं म्हणून निभावलं. वापराचा अहवाल दर काही महिन्यांनी उतरवून घ्या, मशीन मेल्यावर तो मिळेलच असं नाही. मशीन कुठेही नेताना टाकी रिकामी करा, कलंडलेल्या मशीनमध्ये पाणी उलटं मोटरकडे जाऊ शकतं. ओझोन सोडून मशीन ‘शुद्ध’ करणारी यंत्रं विकली जातात, त्यांच्या वापराने काही उत्पादकांची वॉरंटी रद्द होते, ते आधी वाचा. आणि नात्यातल्या कोणाचं मशीन मिळालं म्हणून त्यांच्याच दाबावर झोपू नका, डॉक्टरांकडून ते आपल्यासाठी लावून घ्या.

विमा कंपन्यांकडे मागणी एवढीच आहे. दुरुस्तीचा क्लेम दाखल झाला की निर्णय होईपर्यंत बदली मशीन द्या, आणि ते पॉलिसीच्या त्या एका वाक्यात लिहा. आजाराचा नवा पुरावा डॉक्टरांना शंका असेल तेव्हाच मागा. वापराची नोंद मशीन बंद पडल्याच्या तारखेपासून मागे मोजा. क्लेम नाकारायचा असेल तर कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी कळवा, फोनवर ‘सिस्टिममध्ये दिसत नाही’ हे उत्तर नको.

लाल शाईच्या त्या पत्रानंतर ‘अनियमित’ हा शेरा काढला गेला, क्लेम मात्र अजून ‘प्रक्रियेत’ आहे. सध्या डॉक्टरांनी त्यांच्या स्लीप लॅबमधलं एक जुनं मशीन मला दिलंय आणि झोप बरीच परत आली आहे. फक्त ते मशीन लॅबच्या नावावर असल्यामुळे त्याचे तास माझ्या खात्यात जात नाहीत. पुढच्या तपासणीत पुन्हा शून्य दिसणार. तसं मी कंपनीला आत्ताच कळवून ठेवलंय आणि पोच घेतली आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक