चक्कर म्हणजे अशक्तपणाच नव्हे

महोदय,
माझी आई दोन वर्षांत तीनदा चक्कर येऊन पडली. एकदा तर देवघरात, समईवर. दर वेळी ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिक मिळालं. नाडी कुणी मिनिटभर मोजलीच नाही. मी मोजली, ३८ भरली! साधा ईसीजी ठीक होता. अंगावर लावून २४ तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्रात मात्र हृदय मध्येच चार-चार सेकंद थांबलेलं दिसलं.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात), वरची महाशिरा मिळते तिथे सायनस नोड, म्हणजे ठोके सुरू करणारा पेशींचा पुंजका असतो. ब्रिटिश संशोधक कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० ठोके तोच ठरवतो. वयानुसार त्यातल्या पेशी घटतात, तंतू वाढतात. आईचा आजार तिथेच होता. पेसमेकर बसल्यापासून ती एकटी मंडईत जाते.

तालुक्याच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात होल्टर हवाच.

– एक वाचक, सातारा