टूलबॉक्समधला जॅक एकदा बाहेर काढून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी औसा तालुक्यातला, बावीस वर्षं ट्रक चालवला, आता गुडघे बोलायलेत म्हणून घरच्या दोन गाड्या पोरांच्या हातात दिल्यात अन् मी मोंढ्यात भाड्याचं बघतो. पेपरला पत्र कधी लिहिलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. पण मागच्या आठवड्यात येडशीच्या पुढं एक गाडी दिसली अन् घरी येऊन पण ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायलोय.

सोयाबीन भरलेली गाडी, मागचं आतलं टायर बसलेलं, गाडी निम्मी डांबरावर निम्मी साइडपट्टीच्या काळ्या मातीत. जॅकखाली दोन विटा. पुढच्या चाकाला दगड नाही, मागं रस्त्यावर ठेवायचा चमकणारा त्रिकोण नाही, ड्रायव्हर फोनवर बोलायलाय अन् सतरा-अठरा वर्षांचं क्लीनर पोरगं कमरेपर्यंत एक्सलखाली (दोन्हीकडच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली) घुसलेलं. मी गाडी थांबवली, म्हणलं बाबा आधी त्याला बाहेर काढ. ड्रायव्हर म्हणतो काका काही होत नाही, वीस टनाचा जॅक आहे. जॅक वीस टनाचा असंल, वीट किती टनाची आहे ते सांग की.

वीट दबत नाही, एकदम फुटते. आणि आपली काळी माती तर सगळ्यांना माहीत, उन्हाळ्यात भेगा पडून दगडावानी अन् एक पाऊस झाला की लोणी. वरून वाळलेली दिसते, आत पाय रुततो. हायड्रोलिक जॅकचा तळ म्हणजे तळहाताएवढा, त्याच्यावर पाच-सहा टन आले की तो सरळ खाली जायच्या ऐवजी एका बाजूला कलतो, अन् कलला की एक्सलवरून सटकला. म्हणून बाभळीची नाहीतर सागाची जाड फळी, निदान दीड फूट लांब-रुंद, गाडीत कायम पाहिजे. बाभळीला आपल्याकडं काय तोटा आहे का?

हे मी शहाणपणानं सांगत नाही, माझ्याच हातून झालंय. २००९ साली, पावसाळ्यात, रात्री दोन वाजता मांजरसुंब्याच्या अलीकडं. फळी होती पण ओली जमीन बघून पण मी घाई केली, चाक काढून ठेवलं अन् जॅक कलला. चाकामागचा ब्रेकचा ड्रम जमिनीवर आला तेव्हा आमच्या क्लीनरचा हात खाली होता. दोन बोटं गेली त्याची. चूक माझी, मालकाची नाही, जॅकची पण नाही. आज तो गावात टपरी चालवतो, मला चहाचे पैसे घेत नाही, तेच जास्त लागतं.

आता जॅक कोणता घ्यावा ते. २०१८ साली सरकारनं दोन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ टनावरून १८.५ टन केलं, त्यात मागच्या चार टायरच्या एक्सलवर ११.५ टन. म्हणजे कायद्यात भरली तरी एका बाजूला पावणेसहा टन, अन् कायद्यात कोण किती भरतंय हे मोंढ्यात बसून मी काय सांगू. तर दहा टनाच्या खालचा जॅक ट्रकला घेऊच नका, वीस टनाचा घ्या म्हणजे त्याला दम राहतो. मी पिकअपचा जॅक भरलेल्या ट्रकला लावलेला पण बघितलाय. पण नुसतं मोठा बघून पण घेऊ नका, पन्नास टनाचा घेतला अन् टायर बसल्यावर एक्सल इतका खाली आलेला असतो की तो जॅक खाली जातच नाही, मग लोक खड्डा खणत बसतात. दुकानात गेल्यावर बंद उंची, म्हणजे पिस्टन पूर्ण खाली असताना जॅक किती उंच, ते विचारा, आपल्या गाडीचं टायर बसल्यावर एक्सल किती वर राहतो ते टेपनं मोजून जा. जॅकच्या डोक्यावर फिरवून वर काढायचा स्क्रू असतो, आधी तो एक्सलला टेकवायचा मग पंप मारायचा, म्हणजे पिस्टन कमी बाहेर येतो अन् जॅक डगमगत नाही.

लोकांना वाटतं जॅक म्हणजे लोखंडाचा खांब. खांब कसला साहेब, आत तेल आहे. दांड्यावर माणूस चाळीस किलो जोर लावतो, दांड्याची लांबी त्याचं वीसपट करते, अन् आत एक सेंटिमीटर व्यासाचा छोटा पिस्टन पाच सेंटिमीटर व्यासाच्या मोठ्या पिस्टनखाली तेल ढकलतो, व्यास पाचपट म्हणजे क्षेत्रफळ पाच गुणिले पाच, ते अजून पंचवीसपट, चाळीस गुणिले वीस गुणिले पंचवीस करून बघा, वीस हजार किलो झाले (घर्षणात थोडं जातं ते सोडा). आणि हे सगळं अडवून धरतंय कोण, तर एक सील अन् वॉल्व्हमधली हरभऱ्याएवढी गोळी. त्या गोळीखाली वाळूचा कण आला तरी जॅक खाली बसायला लागतो. म्हणून उचलून झालं की लगेच एक्सलखाली लोखंडी घोडी (स्टँड) नाहीतर लाकडाचे ठोकळे लावायचे अन् वजन त्याच्यावर सोडायचं, मग नट काढा. एवढं केलं तरी अंग खाली घालायचं नाही, हातानं जेवढं होतं तेवढंच.

एक गोष्ट चांगल्या चांगल्या ड्रायव्हरला माहीत नसते. म्हणतात गाडी गिअरमध्ये टाकली, आता हलत नाही. अहो, मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल (एक्सलच्या मधली, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी) त्या चाकाला उलटं फिरू देतं, मग गिअरचा उपयोग शून्य, गाडी उतारानं चालली. हँडब्रेक पाहिजेच, अन् जी चाकं उचलायची नाहीत त्यांना पुढून-मागून दगड नाहीतर ठोकळे. आणि ते दगड काम झाल्यावर उचला! रस्त्यात तसेच सोडून जातात, अन् रात्री मोटारसायकलवाला त्याच्यावर जातो. हे पाप आमच्याच लोकांचं आहे, मी कबूल करतो.

नट आधी चाक जमिनीवर असतानाच अर्धा-अर्धा आटा ढिले करायचे, हवेतल्या चाकाला पाना लावून पाइप घालून लोंबकळलं की गाडी जॅकवरून उतरलीच समजा. कितीतरी जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, नवीन पोरं तिथं अर्धा तास नट आवळत बसतात अन् मग स्टड, म्हणजे नट बसतो तो बोल्ट, तुटतो. जॅक एक्सलखाली, पाट्याच्या (स्प्रिंगच्या) यू-बोल्टजवळ लावा, मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली लावू नका. रिंगवालं चाक, म्हणजे टायर वेगळ्या लोखंडी रिंगनं अडकवलेलं, असंल तर नटाला हात लावायच्या आधी त्यातली उरलेली हवा वॉल्व्ह काढून सोडा, आतल्या-बाहेरच्या दोन्ही टायरची. ती रिंग उडाली तर बोटांवर भागत नाही. चाक चढवल्यावर नट समोरासमोरचे आवळायचे अन् पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून परत एकदा.

राहिला मालकाचा प्रश्न, मी पण आता मालकच आहे म्हणून बोलतो. गाडीला माळा, लाइटा, म्युझिक हॉर्न, सगळ्याला पैसे निघतात. जॅक म्हणलं की भंगारातून आणलेला, तेल गळणारा, टूलबॉक्समध्ये आडवा पडलेला, अन् तेल कमी झालं की त्यात ब्रेक ऑइल ओततात. ब्रेक ऑइलनं त्याचं सील फुगून खराब होतं, जॅकचं तेल वेगळं मिळतं अन् महाग पण नाही. नवा जॅक, फळी, चार ठोकळे, दोन त्रिकोण, सगळं मिळून एका टायरच्या किमतीच्या लई खाली येतं.

साहेब, हे पत्र दसऱ्याच्या आधी छापता आलं तर बघा. त्याच्यानंतर ऊस सुरू होतो, रात्रंदिवस गाड्या पळतात अन् कोणाला वाचायला वेळ नसतो. अन् खंडेनवमीला गाडी धुऊन पाना, टॉमी, जॅक सगळं बाहेर काढून हळदी-कुंकू लावतोच की आपण. त्याच दिवशी जॅक उभा करून, पिस्टन पूर्ण खाली बसवून बाजूचं रबरी बूच काढायचं, तेल भोकापर्यंत आहे का बघायचं. मग ठोकळे लावून गाडीचं एक चाक इंचभर उचलून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. खाली बसायला लागला तर त्याला हार घालू नका, भंगारवाल्याला द्या.

आपला,
एक जुना ड्रायव्हर
ता. औसा, जि. लातूर