डॉक्टर नसाल, तर साठ्याचा हिशेब शिका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

करिअरच्या पानांवर ‘जागतिक आरोग्य’ हा विषय आला की जिनिव्हातली मोठी कार्यालयं आणि सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, एवढ्यावर लेख संपतो. डॉक्टर किंवा नर्स नसलेल्या मुलामुलींनी नेमकं कोणतं काम शिकायचं, हे त्यात येत नाही. अशी मुलं मग ऑनलाइन प्रमाणपत्रांची चळत जमवतात आणि मुलाखतीत पहिल्याच व्यावहारिक प्रश्नाला अडतात. म्हणून हे पत्र.

आधी संस्था ठरवू नका, काम ठरवा. औषधं-लसींचा पुरवठा, आकडेवारी, मूल्यमापन, आरोग्याचं अर्थशास्त्र, निधीचा हिशेब, कायदा, जनसंवाद, या प्रत्येकात वाणिज्य, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकलेल्यांना जागा आहे. यातलं पुरवठ्याचं काम आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. त्याचा एकच नमुना देतो.

एका केंद्राने तीन महिन्यांत एका औषधाच्या 600 पट्ट्या वापरल्या. नवखा माणूस तीनने भागून महिन्याचा खप 200 लिहितो. साठा नोंदवही उघडली तर दिसतं की 90 पैकी 30 दिवस औषध शिल्लकच नव्हतं. म्हणजे 600 पट्ट्या 60 दिवसांत संपल्या. खरा मासिक खप 300. दोनशेच्या हिशेबाने मागणी गेली, तर पुन्हा 600 पट्ट्या येतात, पुन्हा दोन महिन्यांत संपतात, नोंदही पुन्हा 600ची होते. कागद चोख, आणि रुग्ण दर तिमाहीत महिनाभर रिकाम्या हाताने परत. मागणी काढायची ती अशी: जितक्या महिन्यांचा साठा हवा, ते गुणिले खरा मासिक खप; त्यातून हातातला साठा आणि वाटेत असलेला माल वजा. वाटेतला माल वजा करायला विसरलं की दुप्पट माल येऊन पडतो आणि मुदत संपून फेकावा लागतो.

लसींचंही असंच. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात आणि सगळ्यांचा जीव उन्हापायी टांगणीला लागलेला असतो. पण हिपॅटायटिस-बी किंवा पेंटाव्हॅलेंटसारखी ॲल्युमिनियमचा क्षार असलेली लस गोठली की कायमची निकामी होते. गोठते ती बऱ्याचदा फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच डब्यात भरल्यामुळे. ते बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला की मगच भरायचे. कुपीवरचं व्हीव्हीएमचं (उष्णतेने रंग बदलणाऱ्या लेबलचं) चिन्ह उष्णतेचा परिणाम दाखवतं, गोठणं दाखवत नाही. एवढं नीट समजायला एमबीबीएस लागत नाही.

आकडेवारीकडे जाणाऱ्यांनी डीएचआयएस-2 ही आरोग्याची आकडेवारी गोळा करून मांडणारी संगणक प्रणाली शिकावी. ऑस्लो विद्यापीठाने विकसित केलेली ती मोफत आहे आणि अनेक देशांचे आरोग्य विभाग ती वापरतात. जोडीला एक्सेल पक्कं हवं, आणि आर (संख्याशास्त्रीय विश्लेषणाची संगणक भाषा) किंवा क्यूजीआयएस (नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर) यांपैकी एक. दोन्हीही फुकट मिळतात. लसीकरण 110 टक्के दिसलं तर ‘आकडे खोटे’ म्हणून मोकळं होऊ नये. आधी छेद तपासावा. बालकांची संख्या जुन्या जनगणनेवरून काढलेली असते, किंवा शेजारच्या भागातली मुलं इथे लस घेऊन गेलेली असतात.

आता नोकरी. एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसा देणारा ग्लोबल फंड 2002 पासून काम करतो, पण त्याची देशोदेशी कार्यालयं नाहीत. पैसा त्या त्या देशातल्या आरोग्य मंत्रालयांकडे किंवा स्वयंसेवी संस्थांकडे जातो, आणि त्यांच्याकडून पुढच्या संस्थांकडे. सुरुवातीच्या जागा तिथेच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय पदांत पी-2 या सुरुवातीच्या श्रेणीला साधारण 2 आणि त्यावरच्या पी-3 ला 5 वर्षांचा अनुभव मागतात. जेपीओच्या (ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसर, म्हणजे तरुण व्यावसायिकांसाठीच्या) जागांचा खर्च देणगीदार देश करतात, त्यामुळे त्या बहुधा त्यांच्याच नागरिकांसाठी असतात. अर्ज भरण्याआधी नागरिकत्वाची अट वाचावी. अर्जात ‘समन्वय साधला’ असं मोघम लिहू नये. ‘40 केंद्रांचे साठा अहवाल दरमहा तपासले, तुटवड्याचे दिवस 30 वरून 12 वर आले’ अशा वाक्यावर निवडणाऱ्याची नजर थांबते. आणि भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर जागतिक आरोग्य संघटना शुल्क घेत नाही. पैसे मागणारा भामटाच समजावा.

निधीचं चित्र सध्या वाईट आहे, हेही मुलांना स्पष्ट सांगायला हवं. यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेचं परदेशी मदतीचं काम 1 जुलै 2025 रोजी थांबलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2026-27 साठीचा 5.3 अब्ज डॉलरचा प्रस्तावित अर्थसंकल्प 4.2 अब्जांवर आणला. अनुभवी माणसंच नोकरी शोधत असताना नवख्यांनी फक्त परदेशी संस्थांच्या भरवशावर राहू नये. साठा आणि आकडे सांभाळणारी माणसं सरकारी आरोग्य यंत्रणांनाही लागतात, आणि तिथला दोन-तीन वर्षांचा अनुभव आंतरराष्ट्रीय अर्जातही उपयोगी पडतो.

पुढच्या वेळी हा विषय घ्याल, तेव्हा इमारतीच्या छायाचित्राऐवजी साठा नोंदवहीचं एक भरलेलं पान आणि एका पदाची अटींसह पूर्ण जाहिरात छापावी, ही विनंती.

आपले,
आरोग्य पुरवठा व मूल्यमापन क्षेत्रातले काही वाचक