डिस्क रिकामी दिसली म्हणून फेकू नका

महोदय,

अशोक चौकात माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. लग्नाच्या, बारशाच्या जुन्या सीडी-डीव्हीडी पेनड्राइव्हवर घ्यायला लोक येतात आणि पिशवीतून डिस्क काढतानाच सांगतात, "ही रिकामी दाखवतेय, फेकणारच होतो." त्यातल्या बऱ्याच रिकाम्या नसतात, म्हणून हे पत्र.

डिस्क आधी उलटी करून उजेडात तिरकी धरा. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर लेखन मधल्या भोकाच्या बाजूने सुरू होऊन बाहेर सरकते आणि लिहिलेल्या पट्ट्याचा रंग थोडा वेगळा दिसतो. असा पट्टा असेल तर त्यावर काहीतरी नक्की लिहिलेले आहे. सगळीकडे एकच रंग असेल तर मात्र बहुधा लेखन झालेलेच नाही. विंडोजमध्ये फाइली ओढून डिस्कवर टाकल्या की त्या फिकट दिसतात, पण कित्येकदा त्या हार्ड डिस्कवरच थांबलेल्या असतात. अशा वेळी 'बर्न' दिल्याशिवाय डिस्कवर काही जात नाही.

पट्टा असूनही डिस्क रिकामी दिसते, तेव्हा बहुधा ती फायनलाइज केलेली नसते, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून लेखन पूर्ण करून बंद केलेली नसते. छोट्या डीव्हीडीवर शूटिंग करणाऱ्या हँडीकॅममध्ये हे फार होते. कॅमेऱ्यात चित्र दिसते, संगणक मात्र डिस्क कोरी समजतो आणि फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. तिथे कृपा करून 'नाही' म्हणा. तो कॅमेरा चालू असेल तर त्याच्यातूनच फायनलाइज करा. बंद पडला असेल तर आयसोबस्टरसारख्या सॉफ्टवेअरने आतले चित्रण बरेचदा बाहेर काढता येते.

दोष ड्राइव्हचाही असू शकतो. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या. एक लेझर मंदावला की तोच ड्राइव्ह डीव्हीडी दाखवतो आणि सीडी ओळखतच नाही. त्यामुळे दुसऱ्या संगणकावर लावून पाहिल्याशिवाय डिस्कला दोष देऊ नका.

पण मला खरे बोलायचे आहे ते दवाखान्यांकडून मिळणाऱ्या डिस्कबद्दल. अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ मध्यंतरी पत्नीच्या एमआरआयची सीडी घेऊन आले. ती घेऊन दोघे एसटीने पुण्याला जाऊन आले होते. तिथल्या डॉक्टरांच्या संगणकावर काही उघडले नाही आणि त्यांना परत पाठवले. मी सीडी ट्यूबलाइटखाली धरली. वर मार्करने पेशंटचे नाव, तारीख, सगळे व्यवस्थित. खाली कडेपासून कडेपर्यंत एकच रंग. कोरी सीडी त्यांच्या हातात दिली होती! सुदैवाने सेंटरच्या संगणकावर स्कॅन शिल्लक होता, दुसरी सीडी मिळाली. पण बुडालेली मजुरी आणि आजारी बाईचा तो प्रवास कोण भरून देणार?

काही वेळा सीडी ठीक असते, पण आतल्या फाइली डायकॉम या वैद्यकीय स्कॅनसाठीच्या खास प्रकारच्या असतात. फोटो शोधणाऱ्याला त्या दिसूनही उमगत नाहीत. त्या पाहायचा व्ह्यूअर बहुधा त्याच सीडीवर असतो, तो आधी उघडावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात, माळ्यावर ठेवलेल्या डिस्कचे हाल वेगळेच. उष्णतेने आणि उन्हाने लेखनाचा थर खराब होतो. सीडीचा चकाकणारा थर तर नाव लिहितो त्या बाजूला, अगदी वरच असतो. तिथे ओरखडा गेला की पॉलिश करूनही उपयोग नाही. ज्यांच्याकडे अशा डिस्क आहेत त्यांनी येत्या उन्हाळ्याआधी त्यांची प्रत काढून घ्यावी.

शहरातील सर्व स्कॅन सेंटर आणि शूटिंगवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे : डिस्क फायनलाइज करा आणि गिऱ्हाइकाच्या हातात देण्यापूर्वी, ज्यावर ती लिहिली तो सोडून दुसऱ्या संगणकावर, त्याच्यासमोर उघडून दाखवा. याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

— एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, अशोक चौक, सोलापूर