मोडीत गेलेली माझी गाडी ठाण्यात सिग्नल तोडते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात शाळा सुटता सुटता मोबाइलवर ई-चलान आलं. माझ्या गाडीने ठाणे जिल्ह्यात सिग्नल तोडला होता. मी ठाण्याला शेवटची गेले ती मावसबहिणीच्या लग्नाला, आणि ही गाडी तर अकरा महिन्यांपूर्वी टोचन लावून नेलेली! फोटो उघडला. नंबर माझाच, एमएच 50 चा. बंपर नवाकोरा, आणि रंग असा चकचकीत की माझ्याकडे असताना कधी नव्हता.

आम्ही उंब्रजला राहतो. मिस्टरांचं आठवड्यातून दोनदा कराडला डायलिसिस असतं. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे जागोजागी रस्ता वळवलेला. अशाच एका ठिकाणी पुढचा डंपर थांबला, मी ब्रेक दाबला, आणि मागच्या ट्रकने आमची 2014 ची वॅगन आर थेट डंपरच्या बुडाखाली सारली. आम्ही दोघं खरचटण्यावर सुटलो. गाडीची मात्र दोन्हीकडून घडी झाली.

विम्यात गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली किंमत, 1 लाख 80 हजार, दुरुस्तीचा अंदाज 1 लाख 61 हजार. खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्ती न करता त्या किमतीवर हिशेब मिटवायचा. कंपनीच्या माणसाने सांगाडा विकत घेणारा स्वतःच शोधून आणला. त्याने मला 58 हजार दिले, हजार रुपये नियमाप्रमाणे कापून उरलेले 1 लाख 21 हजार कंपनीने दिले. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर माझ्या सह्या घेतल्या. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. मी गणिताची शिक्षिका. मुलांना कोऱ्या कागदावर उत्तर लिहू नका सांगते, आणि स्वतः सही ठोकून मोकळी झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्यानेही 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे मला चलान आल्यावर कळलं. ती चूक माझी, कबूल.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. हातात 1 लाख 79 हजार होते, त्यात पतसंस्थेचं थोडं कर्ज घालून मी जुनी गाडी शोधायला निघाले. कोल्हापूर, सातारा, पुणे पालथं घातलं. आमच्या मिस्त्रींनी सांगितलं होतं, फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून न्या. पत्र्यावर चिकटेल, लांबी (पोचे बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तिथे गळून पडेल. गणपतीपुळ्याहून आणलेलं चुंबक घेऊन मी गाड्यांना प्रदक्षिणा घालायची आणि विकणारे आपापसांत हसायचे. दाराचं रबर ओढून वेल्डिंगचे ठिपके एकसारखे आहेत का बघायचं, बोनेटच्या बिजागरीच्या स्क्रूवर पान्याचे ओरखडे बघायचे, सीटबेल्ट मुळापर्यंत ओढायचा. कोल्हापुरात एका गाडीचा बेल्ट असा ओढला, तर आतल्या भागात वीतभर उंचीवर मातकट रेघ. पुराचं पाणी! सीटांचं कापड मात्र नवं, वर अत्तर मारलेलं. 2019 आणि 2021 चा पूर आम्ही पाहिलाय, तो रंग ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

पुण्यात एक पांढरी गाडी फार आवडली. भावही बाजारापेक्षा चाळीसेक हजारांनी कमी. चुंबक चिकटलं, रबर नीट. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागलाच नाही. विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, दिवा लागत नाही म्हणजे प्रॉब्लेमच नाही!” सोबत आलेल्या मिस्त्रींनी कानात सांगितलं, बल्बच काढलाय. म्हणजे एअरबॅग कधीतरी फुटली, परत बसवलीच नाही, आणि दिवा खरं बोलेल म्हणून त्याचंच तोंड बंद केलं. मी मोबाइलवर त्या गाडीची माहिती काढली. कर्ज नाही, विमा चालू, पीयूसी आहे, मालक दुसरा. अपघाताबद्दल अवाक्षर नाही.

आता माझ्या वॅगन आरचा नंबर टाकून बघते, तर तीही तितकीच सोज्वळ दिसते. मी स्वतः ती गाडी चेपलेली पाहिली, विमा कंपनीने तिला मृत ठरवून पैसे मोजले, आणि सरकारी नोंदीत ती ठणठणीत. उद्या ठाण्यात कुणी माझ्यासारखीच बाई चुंबक घेऊन तिच्याभोवती फिरेल.

गाडी कायमची निकामी झाली तर 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं, असं कलम 55 सांगतं. पण टोटल लॉस हा विम्याच्या हिशेबाचा शब्द. गॅरेजवाला म्हणतो, निकामी कुठंय, उभी करतो की! दुरुस्त करून विकू नये असं माझं म्हणणं नाही. आमच्यासारख्यांना दीड-दोन लाखांतच गाडी बघावी लागते, आणि नीट जोडलेली गाडी घ्यायलाही माझी हरकत नसती. पण मला ते सांगा, मग भाव मी ठरवते. टोटल लॉसचा दावा मंजूर झाला की विमा कंपनीनेच ती नोंद गाड्यांच्या सरकारी ‘वाहन’ प्रणालीत करावी, गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याआधी आरटीओत तपासणी व्हावी आणि नंबर टाकणाऱ्या कुणालाही ती नोंद दिसावी. परिवहन आयुक्तांनी एवढं मनावर घ्यावं. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मी नऊ ठिकाणी मागितलं, एकाने दाखवलं. बाकीच्यांनी चहा विचारला.

गाडी शेवटी कराडातच मिळाली. निवृत्त बँक कारकुनाची 2015 ची सेलेरियो, 2 लाख 40 हजारांना. त्यांनी आधीच सांगितलं होतं, डावं मागचं दार फाटकाला घासलं होतं, तिथे लांबी आहे. चुंबक बरोबर तिथेच पडलं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. आरसी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे दिले नाहीत, त्यांनीही मागितले नाहीत.

चलानाची तक्रार केली आहे, आरटीओतही अर्ज दिलाय. नोंदीत जो मालक, अपघातात नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलंय. त्यामुळे मोबाइल वाजला की अजून धस्स होतं. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, “मॅडम, आमच्याकडे गाडी तुमचीच दिसते.”

— एक शिक्षिका, उंब्रज (ता. कराड)