सीजीएचएस पॅकेजवर आकारलेली ‘फरकाची’ रक्कम परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
रुग्णालय व्यवस्थापन, पुणे

महोदय,

मी केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालो असून दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून सीजीएचएसचे (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे) आजीव कार्ड घेतले आहे. गेल्या डिसेंबरमध्ये माझ्या पत्नीच्या पित्ताशयावर आपल्या कंपनीच्या रुग्णालयात दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. रुग्णालय सीजीएचएसच्या पॅनेलवर (मान्यताप्राप्त रुग्णालयांच्या यादीत) आहे आणि निवृत्तिवेतनधारकांना कॅशलेस उपचार देण्यास करारानुसार बांधील आहे. तरीही दाखल करून घेताना ‘सरकारी दरात न बसणारा खर्च रुग्ण भरेल’ अशा छापील हमीपत्रावर आमची सही घेतली गेली आणि घरी सोडताना ३८,४०० रुपये भरून घेण्यात आले. पावतीवर ‘फरक’ एवढा एकच शब्द आहे.

बिलिंग काउंटरवर विचारणा केली असता, सरकारचे दर जुने आहेत आणि महागाईत ते परवडत नाहीत, असे सांगण्यात आले. बहुतेक उपचारांचे दर २०१४ पासून जवळजवळ तसेच राहिले होते आणि सरकारकडून बिलांची रक्कमही उशिरा येते, ही रुग्णालयांची अडचण मला मान्य आहे. परंतु एप्रिल २०२३ मध्ये डॉक्टरांचे बाह्यरुग्ण तपासणी शुल्क १५० वरून ३५० रुपये झाले, खोलीभाडे व अतिदक्षता विभागाचे दरही वाढले, आणि १३ ऑक्टोबर २०२५ पासून सुमारे दोन हजार उपचारांचे सुधारित दर लागू झाले. डिसेंबरमधील रुग्णाला जुन्या दरांचे कारण सांगणे म्हणूनच वस्तुस्थितीला धरून नाही.

महागाईची झळ आम्हालाही बसते. निवृत्तिवेतनावर मिळणारा आमचा महागाई दिलासा औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतो. त्यात खाद्यपदार्थांचा भार ३९.१७ टक्के आहे, तर औषधोपचार ‘संकीर्ण’ गटात इतर अनेक खर्चांबरोबर येतात. सत्तरी ओलांडलेल्या घरात खर्चाची वाटणी अशी नसते. कोविडकाळात या दिलाशाचे तीन हप्ते गोठवले गेले. जुलै २०२१ मध्ये दर १७ वरून २८ टक्के झाला, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी कधीच मिळाली नाही. साताऱ्यात राहणाऱ्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांना तर सीजीएचएसऐवजी मिळणारा वैद्यकीय भत्ता जुलै २०१७ पासून दरमहा १,००० रुपयेच आहे. तो महागाई दिलाशाशी जोडलेला नाही, हे त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांना मात्र कोणी कळवलेले दिसत नाही. सरकारी दर अपुरे वाटत असतील, तर आपण सरकारकडे दाद मागावी किंवा रीतसर पॅनेलमधून बाहेर पडावे. पॅनेलवर असल्यामुळे येणारे रुग्ण घ्यायचे आणि दरातील तूट त्यांच्याच निवृत्तिवेतनातून भरून काढायची, हे कराराच्या विरुद्ध आहे.

सीजीएचएसच्या पॅकेजमध्ये, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या एकत्रित दरात, खोली, रुग्णाचा आहार, शस्त्रक्रियागृह, शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञांचे शुल्क, डॉक्टरांच्या भेटी, औषधे आणि एकदाच वापरायचे साहित्य हे सारे धरलेले असते. पत्नीला कार्डावरील पात्रतेप्रमाणेच वॉर्ड दिला होता आणि आम्ही कोणतीही जादा सुविधा मागितली नव्हती. अशा वेळी फरक नेमका कशाचा, हे पावतीवरून कळत नाही. दाखल होण्याच्या क्षणी, वेदनेने कळवळणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाकडून घेतलेली सही ही स्वेच्छेची संमती मानता येणार नाही.

तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत संपूर्ण तपशीलवार बिल द्यावे, पॅकेजमध्ये येणाऱ्या बाबींपोटी घेतलेली रक्कम माझ्या बँक खात्यात परत करावी आणि सीजीएचएस लाभार्थ्यांकडून असे हमीपत्र कोणत्या अधिकाराने घेतले जाते याचा लेखी खुलासा करावा. मुदतीत उत्तर न आल्यास मी पुणे येथील सीजीएचएसच्या अपर संचालकांकडे, तसेच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत: पावती, डिस्चार्ज कार्ड, हमीपत्र व सीजीएचएस कार्ड यांच्या छायाप्रती.

आपला,
रुग्णाचा पती व सीजीएचएस कार्डधारक