टायटॅनिक आठवले, आपली गोदी नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या (१४ एप्रिल) अंकातली रोजचा शब्द, जगातल्या बातम्या आणि दिनविशेष यांची चौकट वाचली आणि दिवसभर ती डोक्यातून गेली नाही, म्हणून लिहितो. बाबासाहेबांची जयंती ठळक दिलीत, ते योग्यच. त्याखाली 'टायटॅनिक बुडाले'. हे जहाज १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनगावर आदळले, बुडाले १५ तारखेच्या पहाटे. ही चूक एक वेळ पोटात घालू. पण १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट? त्यावर एक ओळसुद्धा नाही. अंक मुंबईत छापला जातो, मुंबईत वाचला जातो, आणि त्यात मुंबईचीच आठवण नाही!

त्या दिवशी शुक्रवार होता. व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या 'फोर्ट स्टिकिन' बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरला होता. दुपारी धूर दिसला, बंब आले, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. साधारण अर्ध्या तासाने दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाची ६६ माणसे त्यात गेली. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. दलाच्या भायखळ्याच्या मुख्यालयात दरवर्षी त्यांना मानवंदना देतात. आपला बातमीदार तिथे जातही असेल, मग चौकट लिहिणाऱ्याला हे कळू नये?

माझे आजोबा तेव्हा अलेक्झांड्रा गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद करणारे कारकून होते. बिऱ्हाड चिंचबंदरला. आजीने गच्चीवर जुने धोतर पसरून त्यावर कुरडया घातल्या होत्या आणि कावळे हाकायला माझ्या वडिलांना बसवले होते, वय वर्षे नऊ. पहिल्या आवाजाला ते पालथे पडले. उठून पाहतात तर वरून जळका कापूस पडतोय आणि ओल्या कुरडयांवर काळे ठिपके चिकटलेत. दिवस रेशनचे. आजीने एकही कुरडई टाकली नाही, फडक्याने पुसून पुसून वाळवल्या. वडील सांगत, वर्षभर त्या ठिपक्यांच्याच कुरडया तळल्या, कुणी नाक मुरडले नाही. आजोबा तिसऱ्या दिवशी घरी आले ते एका पायात चप्पल घालून. त्यांच्या पाळीचा एक मुकादम सापडलाच नाही. आजोबांनी त्याचे नाव पुन्हा कधी घेतले नाही, म्हणून ते मलाही ठाऊक नाही.

युद्धामुळे तेव्हा सेन्सॉर होता. स्फोटाची सविस्तर बातमी छापायला वर्तमानपत्रांना मे महिन्यापर्यंत थांबावे लागले. डोळ्यांदेखत शहर जळत होते आणि संपादकांचे हात बांधलेले होते. आज आपले हात कुणी बांधलेत?

माझी नात आठवीत आहे. शाळेतल्या परिपाठासाठी ती आपल्याच चौकटीचे कात्रण वहीत चिकटवते. काल तिने विचारले, "आजोबा, गोदीचं पेपरात नाही. मग ते तुम्ही सांगता तेवढं मोठं नव्हतं का?" तिला वडिलांची कुरडयांची गोष्ट पुन्हा सांगितली. पण छापलेल्या अक्षराशी घरातल्या म्हाताऱ्याने किती भांडायचे?

गेल्या आठवड्यात 'रोजचा शब्द' होता 'धक्का'. अर्थ दिलेत ढकलणे, आघात, मनाला बसणारा हादरा. बोट लागते तो धक्का कुठे गेला? भाऊच्या धक्क्यावरून रोज माणसे रेवसला जातात, मासळी उतरते, ती काय हादऱ्यावर उतरते? ही चौकट कुठून तरी आयती उचलून लावली जाते, या शहरात राहणाऱ्या माणसाच्या नजरेखालून ती जात नाही, अशी माझी खात्री होत चालली आहे.

जाता जाता आणखी एक. जगातल्या बातम्यांत '१२ दशलक्ष लोक विस्थापित' असे छापता. आमच्या घरात, बाजारात, बँकेत कुणी दशलक्षात मोजत नाही. १ कोटी २० लाख लिहा. तीस वर्षे गणित शिकवूनही मला दर वेळी थांबून हिशेब करावा लागतो, तर इतरांचे काय होत असेल? आणि ही चौकट जाहिरातीखाली इतकी दाबली आहे की चष्मा लावूनही वाचता येत नाही.

आपला अंक चाळीस वर्षे घरी येतो आणि पुढेही येईल. अग्निशमन सप्ताह २० तारखेपर्यंत आहे. तोवर एक दिवस चौकटीत त्या ६६ जणांसाठी जागा काढा आणि 'धक्का' शब्दाची दुरुस्ती छापा. नात कात्री घेऊन बसली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, परळ, मुंबई